एकावर दहा शून्यं

“…पण बाई, तीन दिवसांत एक आकडा हलला नाही. मग यात चूक कसली?”

नचिकेतने वर्षभर खपून स्वतःच्या हाताने अचूक ताल देणारा ऑसिलेटर बनवला होता. सेकंदाला एक कोटी ठोके. ते मोजणाऱ्या काउंटरच्या पडद्यावर एकावर दहा शून्यं, त्यातली तीन दशांशचिन्हापुढची, एकही इकडची तिकडे नाही. जन्मभर प्रयोगशाळेत घड्याळं तपासलेल्या त्याच्या गुरू, कुमुदबाई आठल्ये, मुद्दाम बघायला आल्या होत्या, आणि हा गडी शाबासकीची वाट बघत उभा होता.

बाईंनी काउंटर फिरवून त्याची मागची बाजू पाहिली.

“ही दुसरी वायर कुठली?”

“ऑसिलेटरचीच. मोजायला काउंटरलाही ताल लागतो ना? त्याचं स्वतःचं क्रिस्टल बेभरवशाचं. माझ्याइतकं पक्कं इथे दुसरं आहे काय?”

“म्हणजे ज्याला मोजायचं, त्याच्याच तालावर मोजलंस.”

नचिकेतचा चेहरा पडला.

बाईंनी ती वायर उपटली. पिशवीतून आपला जुना ऑसिलेटर काढून तिच्या जागी जोडला. तो तापून स्थिर व्हायला तासभर तरी लागणार होता. दोघं बसून राहिली.

“उद्या भाऊबीज. बेळगावला जाणार ना?”

“नाही. चार वर्षं झाली, जात नाही. ताई पूर्वीची राहिली नाही, बाई. मी मात्र आहे तसाच आहे.”



तासाभराने पडद्यावरचे शेवटचे आकडे हलू लागले. सात, नऊ, पुन्हा सात, मग बारा.

“कोण सरकतंय, बाई? तुमचा की माझा?”

“दोनच असले की फरक तेवढा कळतो. कोण सरकलं ते कळत नाही.”

नचिकेत बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला.

“आईमागे ताईनेच वाढवलं मला… रोज आठवण येते हो. आज सकाळीसुद्धा आली.”

“हं.”

“पण मी गेलो, आणि तिने दारच उघडलं नाही तर?”

बाई उठल्या. पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यापाशी थांबल्या.

“माझा भाऊ गेल्यापासून एकवीस वर्षं मी चंद्राला ओवाळते, नचिकेत. तो कधी दार वाजवत नाही.”