रातव्याची पाहणी

मुलांनो, एका डोंगराच्या पायथ्याशी झुडपांचं जंगल होतं आणि त्याला लागून उघडा, खडकाळ माळ. त्या माळावर एक रातवा बायकोसह राहत असे. रातवा तुम्ही पाहिलेला नसणार. अरे, कुणीच पाहत नाही! दिवसभर हा पक्षी जमिनीवर पाचोळ्यासारखा पडून असतो, पंखसुद्धा हलवत नाही. अंधार पडला की मात्र गातो. आमच्या या रातव्याने आणखी तिघांना घेऊन गायन मंडळ काढलं होतं. ससे, साळिंदरं, वटवाघळं रोज ऐकायला येत आणि गाणं संपलं तरी उठत नसत.

एकदा वनपंचायतीने ठरवलं, की जंगलातल्या कलामंडळांना अनुदान द्यायचं. चांगलंच ठरवलं, नाही कोण म्हणतो! पंचायतीचा कारकून समक्ष पाहणी करून ज्या मंडळाला चांगला शेरा देईल, त्याची जागा त्याच्या नावावर होणार होती. ज्याला शेरा नाही, त्याची जागा रानडुकरांना, कंद उकरायला. रातव्याच्या बायकोने त्याच माळावर, उघड्या जमिनीवर दोन अंडी घातली होती. या पक्ष्यांना घरटं बांधता येत नाही. माळ गेला म्हणजे अंडीही गेली. रातव्याने लगोलग अर्ज केला.

पंचायतीची कारकून होती खारूताई. स्वभावाने गरीब, कुणाचं वाईट चिंतणारी नव्हे. पण सूर्य बुडाला की तिला झोप अनावर व्हायची. ती म्हणाली, "दादा, उद्या भर दुपारी पाहणीला येते. बुलबुलांचं सकाळी उरकलं, तुमचं दुपारी उरकू."

"अहो ताई, आम्ही रात्री गातो!" रातवा म्हणाला. "दिवसा तोंड उघडलं तर आमची धडगत नाही. एक रात्र जागा ना! नाहीतर सशांना विचारा, साळिंदरांना विचारा. रोज ऐकतात ते."

"त्यांचं सांगणं कागदावर चालत नाही हो. आणि पाहणी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतच करायची, असा नियमच आहे. माझ्या हातात असतं तर मी नाही म्हटलं असतं का?"

मंडळातल्या तिघांनी दुपारचं गायचं म्हटल्यावर कानावर हात ठेवले. बायको तर रडकुंडीला आली. "दिवसा आपण दगड असतो," ती म्हणाली. "दगड कधी गातो का? तुम्ही जाऊ नका. माळ गेला तर गेला." रातव्याने अंड्यांकडे पाहिलं. "थोडंच गाईन. शेरा मिळाला की लगेच परत येतो," असं म्हणून तो गेला.

भर दुपारी तो माळाच्या मधोमध एका खडकावर बसला. उन्हाने त्याचे डोळे मिटत होते. समोरच्या बोरीवर बसून खारूताईने कागद पुढे ओढला आणि म्हणाली, "हं, करा सुरुवात." रातवा गाऊ लागला. आयुष्यात पहिल्यांदाच तो उजेडात गात होता, आणि खरं सांगतो, जीव ओतून गात होता. तो आवाज कडुलिंबावरच्या शिकऱ्यानेही ऐकला. इतके दिवस त्या माळावरून घिरट्या घालूनही त्याला कधी काही दिसलं नव्हतं. त्या दिवशी तो सरळ खाली आला. खारूताईने मान वर केली, तेव्हा खडकावर चार पिसं होती.

शेरा चांगला पडला. दुसऱ्याच दिवशी मंजुरी निघाली. मंडळाच्या अध्यक्षाने स्वतः येऊन कागद न्यावा, असं त्यावर लिहिलं होतं. आठ दिवस कुणी आलं नाही, तेव्हा नियमाप्रमाणे अनुदान रद्द झालं आणि माळ रानडुकरांना मिळाला. रातव्याची बायको अंड्यांवरून हलली नाही. डुकराचं मुसकट अगदी अंगाशी आलं तेव्हा ती उडाली. अंडी मात्र मातीत गेली.

खारूताई तिला भेटायला आली. उकरलेल्या मातीत ती एकटीच बसली होती. खारूताईला रडूच फुटलं. "वहिनी, शेरा मी चांगला दिला होता हो!"

"ठाऊक आहे," रातव्याची बायको म्हणाली. "एवढंच सांगा, शेवटचं गाणं कसं झालं त्यांचं?"

खारूताई खाली मान घालून म्हणाली, "मी लिहीत होते, वहिनी. ऐकायचं राहूनच गेलं."

तात्पर्य म्हणाल तर एवढंच : मदत देणाऱ्याने आपली सोय सोडली नाही, तर घेणाऱ्याला जीव सोडावा लागतो.