उरलेले चार टक्के

१७ मार्च. सकाळी सात. हवा कोरडी, आकाश स्वच्छ, वारा अजिबात नाही.

“मग चुकलं कुठे, तेवढं तरी सांगा ना सर!”

सुयोग टाले आवाज चढवून बोलत होता. नागोराव लोंढे सर अंगणात काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. सर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, सुयोग त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. वसमतच्या हळद उत्पादकांच्या कंपनीत तो जोखमीचा हिशेब बघतो. सर तिथेच सल्लागार आहेत. मी शेजारचा, त्यांच्या ओसरीवर पेपर वाचत होतो.

“चुकलं नाही. गणित बरोबर आहे.”

“मग अहवालावर सही करा. अकराला सभा आहे. अध्यक्ष म्हणालेत, सरांची सही नाही आणलीस तर सोमवारी तोंड दाखवू नकोस.”

“तोटा भरायला ठेवलेल्या राखीव रकमेचं काय लिहिलंयस?”

“निम्मी मोकळी करायची. आणखी हळद घ्यायची.”

“रक्कम कोणाची?”

“सभासदांची. माहीत आहे मला! पण जोखीमच उरली नसेल, तर ती अडकवून ठेवायची कशाला?”

“उरली नाही... कशावरून?”

सुयोगने अहवाल फडकन उघडला.

“सात बाजारांचे सहा वर्षांचे भाव घेतले. प्रमुख घटक विश्लेषण करून ते मुख्यतः कुठल्या दिशांनी हलतात ते काढलं. तुम्हीच शिकवलेलं. सातही भाव एकत्र चढतात, एकत्र उतरतात. एवढी एकच दिशा धरली, तरी शहाण्णव टक्के चढउतार त्यात येतात. बाकीच्या सहा दिशा मिळून चार टक्के. त्या टाकून दिल्या.”

“आणि त्या एका दिशेने आपल्याला धोका किती?”

“शून्य! गोदामात जेवढी हळद, तेवढ्याचेच पुढच्या तारखेचे वायदे आजच ठरल्या भावाने विकून ठेवलेत. भाव पडला तर हळदीत जातं ते वायद्यात परत मिळतं.”

“गोदामात हळद कुठली?”

“वसमतची.”

“वायदे?”

“निजामाबादच्या भावाचे.”

“दोन्ही भाव पडले तर?”

“काही होत नाही.”

“नुसता वसमतचा पडला तर?”

“ते त्या चार टक्क्यांत येतं सर. किरकोळ आहे.”

“किरकोळ,” सर म्हणाले. “भिंतीकडे तोंड कर.”

“मी काय आता शाळेत—”

“कर म्हणतो ना!”

सुयोग वळला. ऊन पाठीवर होतं. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर त्याची सावली पडली. सर मागे दहा पावलांवर गेले. त्यांनी काठी आडवी उचलली आणि सूर्यकिरणांच्या रेषेत धरली. सुयोगच्या कानाच्या सावलीला चिकटून एक वाटोळा ठिपका उमटला.

“काय दिसतं?”

“माझी सावली, तुमची सावली. आणि काठीचा ठिपका.”

“ठिपक्यावर नजर ठेव.”

सर त्याच रेषेत एकेक पाऊल पुढे येऊ लागले.

“हलला?”

“नाही.”

“आता?”

“नाही. काय पोरखेळ लावलाय सर हा?”

“मोठा झाला? सरकला?”

“नाही म्हणतोय ना! काहीच होत ना... आई गं!”

काठीचं टोक त्याच्या कानामागे रुतलं होतं. सरांनी ते लगेच काढलं नाही.

सुयोग कान धरून गर्रकन वळला. डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाने की दुखून, ते कळेना.

“सही करायची नाही तर नका करू! हे असलं... माझी नोकरी जाते आहे, सर! घरी आई आहे, हप्ते आहेत. तुमचं काय जातं?”

सरांनी त्याच्या हातातला अहवाल घेऊन त्याच्याच छातीवर आपटला.

“अरे, सावलीत जी दिशा दिसत नाही, तिकडूनच काठी लागली ना? शहाण्णव टक्के धोका तर तू वायद्यात विकून बसलायस. तुझ्या गोदामात आता फक्त ते टाकून दिलेले चारच आहेत.”

अकरा वाजता सभा भरली. सुयोगने अहवाल मांडला नाही. राखीव रक्कम आहे तेवढीच राहिली. सोमवारी त्याच्या टेबलावर दुसरा माणूस बसला.