कातळबावीचे उंबरे

कातळबावीचा बंधारा किनाऱ्यापासून सरळ समुद्रात जातो आणि शेवटाच्या तीस-चाळीस पावलं अलीकडे तुटतो. मध्ये दहा-बारा फूट रुंदीची खिंड आहे. तिच्यातून भरतीचं पाणी घुसळत आत येतं. पलीकडचा तुकडा शाबूत आहे, त्यावर दिव्याचा जुना खांबही आहे, पण तिथे जाता येत नाही.

आम्ही पोहोचलो त्या दिवशी दीपगृहाला कुलूप होतं. बेटावर जाणारी होडी दुरुस्तीसाठी वाळूवर ओढलेली होती. उरला हा बंधारा, तर तोही असा. माझी पत्नी सुलभा म्हणाली, "तुटक्या बंधाऱ्याला तिकीट नाही, तेवढं तरी बरं."

खिंडीपाशी जनूआजा जाळं शिवत बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी सुई न थांबवता सांगितलं, "दीपगृह बंद, होडी बंद, आणि आमचो बंधारोय तुटको. चुकीच्या दिवशी इलात."

"हा बुजवत का नाहीत?" मी जरा चिडूनच विचारलं.

"दोनदा सिमेंट ओतून झाला. गेला."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

पूर्वी इथे बंधारा नव्हता. परतणाऱ्या होड्या किनाऱ्याच्या तोंडाशी खडकावर फुटत. दरसाल एखाद्या घरातला माणूस जाई. शेवटी गावकारानं, म्हणजे गावाच्या प्रमुखानं, बंधारा घालायचं ठरवलं. काळा दगड खाडीपलीकडून होडीनं आणावा लागे. ते कष्ट टाळायला प्रत्येकानं मधल्या भागात, जिथे दिसणार नाही तिथे, गावातलाच मऊ, लाल जांभा दगड भरला. पावसाळ्यात बंधारा तिथेच फुटला. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. तिसऱ्या वर्षीही तेच झालं, तेव्हा लोक म्हणू लागले की समुद्राला बळी हवा.

चंद्राय नावाची एक विधवा होती. तिचा नवरा त्याच खडकावर गेला होता आणि एकुलता मुलगा नारबा आता दर्यावर जात होता. ती म्हणाली म्हणे, "समुद्राक माणूस नको, काळो दगड होयो. आणि तो गावात खय हा, ता सगळ्यांका ठावक हा."

सगळ्यांना ठाऊक होतं. प्रत्येक घराचा उंबरा तेवढा काळ्या दगडाचा होता. पण रोज हळदकुंकू लावलेला उंबरा उपटायचा म्हणजे घरची लक्ष्मी बाहेर काढायची. कुणी हललं नाही. चंद्रायनं पहार घेतली, स्वतःचा उंबरा काढला आणि नारबाबरोबर ओहोटीला मधल्या भागात नेऊन बसवला. मग शेजारीण उठली. महिनाभरात साऱ्या गावाचे उंबरे बंधाऱ्यात गेले.

शेवटची एक जागा राहिली, ती गावकाराची. गावकाराच्या घरचा उंबरा म्हणजे गावाचा मान. तो काढायला त्याचा हात धजेना. त्यानं जांभ्याचा एक चिरा घडवला, काजळी आणि माशाचं तेल चोळून काळा केला, घरचा खरा उंबरा शेणामातीनं लिंपून झाकला आणि तो चिरा वाजतगाजत नेऊन बसवला. कुणाला कळलं नाही, असं सांगतात.

वैशाखात वादळ उठलं. होड्या बंधाऱ्याच्या आड येऊ लागल्या. एक सोडून सगळ्या आल्या. नारबाची शेवटची होती. ती आत शिरत असताना तो चिरा फुटला, त्या भोकातून पाण्याचा लोट आला आणि होडी फिरून खडकावर गेली. नारबा सापडला नाही.

वादळ ओसरल्यावर चंद्राय खिंडीत उतरली. हाताला लाल ढेकूळ लागलं. ते तिनं गावकाराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं.

"एकच दगड होतो," एवढंच ती म्हणाली म्हणे.

गावकारानं त्याच ओहोटीला आपला उंबरा उपटून नेला. पण खिंड तोवर रुंदावली होती. दगड तिथे धरेना, खाली गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गावकाराच्या दारासमोर वाळूत पडलेला होता. त्यानं पुन्हा नेला, समुद्रानं पुन्हा आणून टाकला. मरेपर्यंत त्याचं हेच चाललं. त्याच्या मुलानं पुढे चालवलं.

आजांची सुई थांबली होती. "घराकडे येवा, पाणी पिऊन जावा," म्हणाले.

वाटेतली घरं मी निरखून पाहिली. एकाही दाराला उंबरा नव्हता. तरी एक बाई आत जाताना नसलेल्या उंबऱ्यावरून पाय उचलून गेली, तिच्यामागे तिची नातही. चंद्रायचा मान म्हणून असं करतात, हे पुढे चालणाऱ्या आजांनी सांगितलं. मग त्यांच्या दारात मीही पाय उचलला, पण जरा कमीच, आणि अंगठा दगडावर आपटला. काळाभोर उंबरा, कडांना मिठाची पांढरी रेघ.

आजा आतून म्हणाले, "सांभाळून. ह्या एका घराक तेवढो उंबरो असा."

मी अंगठा धरून विचारलं, "यंदाही नेला होता?"

"नारळी पुनवेक. चार पोरांनी उचललो, मी नुसतो हात लावलो." त्यांनी तांब्या पुढे केला. "तिसऱ्या दिवशी परत इलो."

आजही कातळबावीत नारळी पौर्णिमेला सगळी घरं समुद्राला नारळ देतात. एक घर आपला उंबरा देतं, आणि तो घेतला जात नाही.