बॉनेटच्या आतलं लिंबू

"दादा गेला तेव्हा गाडीत दिवा लागला होता का?"

हे मी डॉक्टरांना विचारलं. पोलिसांना विचारलं. दार उघडून दादाला बाहेर काढणाऱ्या दुधाच्या टँकरवाल्याला विचारलं. कुणीच सांगितलं नाही. सगळ्यांनी खांद्यावर हात ठेवला. मला खांद्यावर हात नको होता.

शेवटी दस्तगीर चाचांना विचारलं.

चाचा बाजेवर बसून चहा पीत होते. आमच्या भागातले वायरिंगचे निम्मे मिस्त्री त्यांच्या हाताखाली शिकले. आता ते स्वतः गाडीला हात लावत नाहीत. समोर बसतात आणि ज्याची गाडी त्याच्याकडूनच करून घेतात.

"कुठला दिवा?"

"कुठलाही. बॅटरीचा लागतो, इंजिनाचा लागतो, एबीएसचा लागतो. खड्डा आला की तिन्ही. थांबलं की विझतात. नवी कोरी गाडी आहे चाचा. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलं नाही."

"दादा असताना लागायचे?"

"एकदाही नाही."



दादा म्हणजे प्रल्हाद, माझा थोरला भाऊ. द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बायकांना नेण्या-आणण्यासाठी त्यानं पिकअप घेतली होती. एका सकाळी घाटाच्या उतारावर त्याच्या छातीत कळ आली. टँकरवाल्यानं पाहिलं तेव्हा गाडी कडेला उभी होती. मागे बसलेल्या बायकांना वाटलं, फोन आला असेल.

गाडी घरी मी आणली. आणली आणि थोड्या दिवसांत दिवे सुरू झाले.

वहिनी गाडीकडे बघत नाही. "माणूस खाल्लं हिनं, आता डोळे वटारतीय," म्हणते. रविवारी तिचा भाऊ गिऱ्हाईक घेऊन येणार होता. मला गाडी विकू द्यायची नव्हती. दादानं एवढी एकच गोष्ट स्वतःच्या नावावर घेतली होती. त्याच्या गाडीतल्या बायका मीच बागेत नेणार, हे मी त्याच्या दहाव्यालाच ठरवलं होतं.

"काय काय केलंस?" चाचांनी विचारलं.

"शोरूमला नेली. कॉम्प्युटर लावतात, दिवे घालवतात. घरी येईस्तोवर परत हजर. मग मीच फ्यूज काढून बघितले. डॅशबोर्डवर बुक्कीपण घातली."

"दिवा गेला?"

"काच गेली."

चाचा हसले. "मग आता बुक्की मारायला जागा उरली नाही. उघड बॉनेट."

मी बॉनेट उघडलं आणि लगेच हात आडवा धरला.

"ते सोडून सगळं बघा."

बॅटरीशेजारच्या अर्थिंगच्या नटाला लिंबू लटकत होतं. काळं पडलेलं, आक्रसलेलं. खाली मिरच्यांची नुसती देठं.

"कुणी बांधलं?"

"दादानं. शेवटच्या शनिवारी. बाहेर बांधलं की रस्त्यात पडतं, म्हणून तो आत बांधायचा. तार नटाखाली दाबून."

"शोरूमवाल्यांनाही हेच सांगितलंस?"

"हो. एकानं हात लावला, तर त्याची कॉलर धरली."

"बरं." चाचांनी कप खाली ठेवला. "ते सोडून सगळं बघितलं. गाडी चांगली आहे. घेऊन जा."

"थट्टा करू नका चाचा. दिवे लागतात की!"

"लागू देत. लिंबू तुझं, दिवेही तुझेच."

माझं डोकं फिरलं. बॉनेट आपटलं, गाडी सुरू केली, निघालो. चाचांच्या फाटकाबाहेरच्या खड्ड्यात तिन्ही दिवे लागले.

मी तिथंच थांबलो. स्टिअरिंग धरून बसलो. दिवे विझले... थोडी पुढे घेतली. परत लागले.

गाडी मागे घेतली आणि उतरलो. चाचा बाजेवर तसेच होते.

"हणमा, जुन्या लिंबाचं दादा काय करायचा?"

"शनिवारी काढायचा. तिठ्यावर टाकायचा, मागं न बघता यायचा."

"मग?"

"फडक्यानं नट पुसायचा. नवं बांधायचा. नट आवळायचा. दर शनिवा..."

दादा गेल्यापासून एकाही शनिवारी तो नट कुणी पुसला नव्हता.

 चाचांनी बाजेखालचा पाना पायानं माझ्याकडे सरकवला.

नट दादानं आवळलेला होता. पहिल्यांदा हलला नाही. मी पाना धरून उभा राहिलो. हलला नाही तर बरं, असंही वाटलं. मग वहिनीचं तोंड आठवलं आणि जोर लावला.

हलला.

लिंबाचा रस तारेवरून उतरून नटाखाली मुरला होता. जिथं चकचकीत पत्रा हवा, तिथं हिरवा-पांढरा थर साचला होता. गाडीतल्या सगळ्या करंटची परतीची वाट त्या नटावरून जाते, एवढं मलाही माहीत होतं. माहीत असूनही मी हात आडवा धरला होता.

चाचांनी पॉलिश पेपरचा तुकडा दिला. "घास."

घासलं.

"अजून."

मला दिसेनासं झालं. डोळे बाहीला पुसले. चाचांनी खांद्यावर हात ठेवला नाही.

"अजून."

खालचा पत्रा लख्ख झाला. मी वायर बसवली, नट आवळला. लिंबू मुठीत घेऊन तिठ्यापर्यंत चालत गेलो. टाकलं. मागे बघावंसं फार वाटलं. बघितलं नाही.

मग गाडी खड्ड्यातून काढली. मागे घेतली, परत काढली. मुद्दाम जोरात आदळली. एकही दिवा नाही.

आनंद व्हायला हवा होता. चाचांच्या दारात गाडी उभी करून मी आतच बसून राहिलो. इंजिन चालू होतं.

"चाचा, त्या दिवशी दिवा लागला होता का? तेवढं सांगा."

चाचा बाजेवरून उठले. हळूहळू पलीकडचं दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसले.

"गाडी उतारावर होती?"

"हो."

"मागं किती बायका?"

"गाडी भरून."

"मग ती खाली का गेली नाही?"

"टँकरवाला म्हणाला, हँडब्रेक ओढलेला होता. पार वरपर्यंत."



मग चाचांनी गाडीला हात लावला. दोघांच्या मधला हँडब्रेक धरला आणि पार वरपर्यंत ओढला.

फुटक्या काचेमागे एक लाल दिवा लागला.

"हा लागला होता."

मी दिव्याकडे बघत राहिलो. रविवारी गिऱ्हाईक यायच्या आधी वहिनीला या सीटवर बसवायचं आणि हा दिवा दाखवायचा, हे मी तिथंच ठरवलं.

"चाचा..."

"सोड आता. इथं उतार नाही."