मोराच्या सायकलला कॅरिअर नव्हतं

ही गोष्ट फार पूर्वीची म्हणावी, तर फार पूर्वी सायकली नव्हत्या. परवाची म्हणावी, तर असले मिस्त्री आता उरले नाहीत. तेव्हा मधेच कधीतरी, घाटाच्या पायथ्याशी, एका गावात एक सायकल मिस्त्री राहत होता, एवढं धरून चाला.

हा मिस्त्री नुसती पंक्चरं काढत नसे. पाइप कापून, वाकवून, जोडून अख्खी सायकल घडवायचा. त्याच्या वडिलांचाही हाच धंदा होता, आणि त्यांनी गावाला एक रीत लावून दिली होती. नवी सायकल तयार झाली की पहिली फेरी वडापासून उतारावरून ओढ्यापर्यंत मारायची. चालवायची घेणाऱ्याने, आणि मागे कॅरिअरवर बसायचं बनवणाऱ्याने. "जोड मी दिलाय ना? मग पडलो तर दोघं पडू," असं म्हातारा म्हणायचा. त्याच्या सायकली दिसायला म्हशीसारख्या काळ्या आणि आडदांड, पण वीस-वीस वर्षं मोडायचं नाव घेत नसत.

वडील गेले आणि मिस्त्री एकदा तालुक्याच्या जत्रेत गेला. तिथे एका खेळवाल्याची नटवलेली सायकल त्याने पाहिली, आणि झालं! गड्याचं डोकंच फिरलं. परत आल्यावर त्याने शाळामास्तरांसाठी नागमोडी दांडीची सायकल केली. मास्तरांचे गुडघे दर वळणावर हँडलला आपटायचे, पण बघणारे म्हणायचे, "वा मिस्त्री, काय नजर आहे!" मग बैलाच्या शिंगांसारखं हँडल केलं. ते घेऊन वाण्याला स्वतःच्याच दुकानाच्या दारातून आत जाता येईना. तरी लोक वा वा करतच होते. फुकटची वा वा करायला लोकांचं काय जातं?

कॅरिअरने शोभा जाते, म्हणून मिस्त्रीने कॅरिअर बसवणंच सोडलं. कॅरिअर नाही म्हटल्यावर बनवणारा बसणार कुठे? रीत आपोआप बंद पडली, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. खरं सांगायचं तर मिस्त्रीला ते बरंच वाटलं.

त्याच गावात एक सुईण होती. सगळे तिला आक्का म्हणत. घाटापलीकडच्या तीन वाड्यांची बाळंतपणं तीच करायची. एक दिवस ती आपली गंजून मोडलेली सायकल ढकलत दुकानात आली.

"मिस्त्री, मला नवी सायकल पाहिजे. दांडी खाली घ्या, लुगड्यात पाय टाकता आला पाहिजे. पिशवी बांधायला कॅरिअर द्या आणि ब्रेक कडक ठेवा. बाकी नखरे नकोत."

"घाई आहे का, आक्का?"

"वरच्या वाडीतल्या पोरीचे दिवस भरत आलेत. गेल्या खेपेला माझी सायकल मोडली होती. पायी गेले, उशीर झाला आणि मूल हाती लागलं नाही. या खेपेला मला तिच्याकडे वेळेवर पोहोचायचंय."

मिस्त्री म्हणाला, "आठ दिवसांत देतो." मनापासून म्हणाला हो, खोटं कशाला बोलू? पण हात पाइपला लागला आणि मनात भलतंच आलं. सगळ्या वाड्यांत फिरणारी सायकल! हिला तर मोर करायला हवा!

त्याने पाइपाला मोराच्या मानेसारखा बाक दिला, टोकाला चिमुकलं डोकं बसवलं. सीटमागे पत्र्याचा पिसारा लावला. मानेपाशी जोडाचा गाठीसारखा उंचवटा दिसत होता, तो कानशीने घासून घासून अगदी गुळगुळीत केला. घासताना जोड बारीक होत चाललाय हे त्याच्या बोटांना कळत होतं. पण वर निळा रंग बसला आणि त्याने तो विचार झटकून टाकला.

आठव्या दिवशी सकाळी सायकल दुकानाबाहेर उभी राहिली. अर्धा गाव जमला. तेवढ्यात वरच्या वाडीचा एक माणूस धापा टाकत आला. "आक्का, कळा सुरू झाल्या! लवकर चला!"

आक्का पिशवी घेऊन दुकानाशी आली आणि मोर बघून जागच्या जागी थांबली.

"कॅरिअर कुठंय?"

"मोराला कॅरिअर शोभतं का, आक्का? पिशवी गळ्यात अडकवा," मिस्त्री म्हणाला. लोक हसले.

आक्का हसली नाही. "तुमच्या वडिलांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. आज ओढ्यापर्यंत जायला वेळ नाही, म्हणून नुसतं विचारते. घाटाच्या उतारावर या सायकलवर तुम्ही माझ्यासोबत बसला असता का?"

सगळे मिस्त्रीकडे बघू लागले. नुसतं "हो" म्हटलं की काम भागत होतं. आक्का गेली असती, वा वा झाली असती. पण मिस्त्रीला तो घासलेला जोड आठवला, आणि वाडीत कण्हणारी पोर डोळ्यांपुढे आली.

"नाही," तो म्हणाला. "नसतो बसलो. मानेचा जोड मी शोभेपायी कमकुवत केलाय. यावर बसू नका, आक्का. चुकलं माझं."

"अरे देवा! मोर लंगडा निघाला!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं, आणि एकच हशा पिकला. मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो तिथे उभा राहिला नाही. दुकानात गेला, वडिलांची जुनी काळी सायकल पोत्यांखालून ओढून काढली, चाकांत हवा भरली आणि म्हणाला, "आक्का, हिची दांडी उंच आहे, तुम्हाला चालवता यायची नाही. मागे बसा. मी नेतो."

मिस्त्रीचं पोट सुटलेलं, घाट खडा. चढावर त्याने घामाने सदरा भिजवला, तरी पाय टेकवला नाही. पलीकडच्या उतारावर ती म्हातारी सायकल एकदासुद्धा कुरकुरली नाही. आक्का वेळेवर झोपडीत शिरली. मिस्त्री अंगणात चुलीला फुंकर घालून पाणी तापवत बसला. दुपार कलली तेव्हा आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि हा एवढा मोठा माणूस चुलीपाशी बसून ढसाढसा रडला.

"मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत," आक्का बाहेर येऊन म्हणाली. "आता सायकलचं बोला."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मोरावर वाळूचं पोतं बांधलं आणि सगळ्या गावादेखत त्याला वडाच्या उतारावरून सोडलं. ओढा यायच्या आधीच मान काडकन तुटली. पोतं फुटलं, वाळू रस्ताभर झाली. या वेळी मात्र कोणी हसलं नाही.

चार दिवसांत त्याच पाइपांची नवी सायकल झाली. दांडी खाली, ब्रेक कडक, कॅरिअर रुंद. मोराचं चिमुकलं डोकं तेवढं पुढच्या मडगार्डवर बसवलेलं होतं. पहिल्या फेरीला आक्काने पॅडल मारलं, आणि मागे मिस्त्री डोळे गच्च मिटून बसला. ओढ्याशी सायकल थांबली तेव्हा आक्का म्हणाली, "उघडा आता डोळे. पोहोचलो."

पुढे वरच्या वाडीतली ती मुलगी मोठी झाली आणि एक दिवस दुकानात येऊन उभी राहिली. "मिस्त्रीबाबा, मला मोराची सायकल पाहिजे. सगळ्यांनी बघत राहावं अशी!"

म्हाताऱ्या मिस्त्रीने चष्मा सारखा केला. "करू की, बाय. मोर करू, पिसाराही करू. पण आधी कॅरिअर. मला बसायचंय."

तात्पर्य: जी वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायची, तिच्यावर आपण स्वतः विसंबलो असतो का, हे आधी मनाला विचारावं, आणि उत्तर "नाही" आलं, तर लोक हसले तरी ते मोठ्याने सांगावं.