शेवटचा रकाना

ठकूबाई फुटाणेवालीला आठ दिवसांत तिची आजी शोधून आणायची होती, आणि आजी जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

हुकूमच तसा होता. आंबेघोळच्या राजेसाहेबांनी तालुक्याच्या दफ्तरातून आणि भाटांच्या पोथ्यांतून आपली सात पिढ्यांची वंशावळ काढवली आणि दरबाराच्या भिंतीवर तिचं मोठं झाड रंगवून घेतलं. झाड फार सुरेख आलं. ते बघता बघता त्यांच्या मनात आलं, आपल्या गावात मुळं नसलेली माणसं हवीत कशाला? दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. ज्याच्या आजा-आजीचं नाव तालुक्याच्या दफ्तरात सापडणार नाही, त्याचं घर सरकारजमा.

दवंडी साऱ्या गावाला, पण डोळा एकाच घरावर. ठकूबाईची भट्टी वाड्याच्या ऐन समोर. वारा फिरला की धूर सरळ दरबारात, आणि राजेसाहेब न्याय देता देता शिंकायला लागायचे. दिवाणजी दोन वर्षांपूर्वीच परमुलखातून आलेले. त्यांनी त्या जागेवर कारंजं करायचं मनात धरलं होतं. ठकूबाई विधवा बाई, आजीच्याच घरात राहायची. घर गेलं की भट्टी गेली, आणि भट्टी गेली की चूल गेली.

तिनं पदरात फुटाणे बांधले आणि तीन कोस चालत तालुका गाठला.

दफ्तर सांभाळायला काशीपंत होते. त्यांनी मृत्यूचं पुस्तक काढलं, तर निम्मं वाळवीनं खाल्लेलं. जिथं आजी असायची तिथं भोक. जन्माच्या पुस्तकातही आजी नव्हती, कारण ती जन्मली तेव्हा पुस्तकच नव्हतं. पंत म्हणाले, बाई, उगाच पाय मोडू नका, घरी जा.

ठकूबाई गेली नाही. तिला मोडी वाचता येत नव्हती, पण ऐकता येत होतं. रोज सकाळी येऊन बसायची, पंतांच्या पुढ्यात फुटाण्याचा पुडा ठेवायची आणि म्हणायची, आमच्या गावाचं पुस्तक वाचा. पंत फुटाणे चघळत वाचायचे. बाई ऐकता ऐकता हिशेब लावायची. अमकीचं लग्न चैत्रात झालं, मग पोरगं भाद्रपदात कसं जन्मलं? पंत खाकरून पान उलटायचे. अमक्याला सहा बहिणी, पण तो सांगतो पाचच, मग सहावी कुठं दिली? पंतांनाही आता गोडी लागली होती.

सहाव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की पंत प्रत्येक ओळ संपायच्या आधीच सोडून देतात.

"पंत, त्या टोकाच्या रकान्यात काय असतं?"

"तो होय? खबर देणाराचं नाव. ज्यानं नाळ कापली त्यानंच चावडीवर येऊन खबर द्यायची, असा तेव्हाचा रिवाज. तो रकाना कुणी वाचत नाही."

"मग आता तेवढाच वाचा."

पंतांनी वाचायला घेतला. दुपार कलली तशी ठकूबाई एका नावापाशी ताठ बसली. तिनं त्या ओळीची शिक्क्याची नक्कल मागून घेतली, उरलेले फुटाणे पंतांच्या उपरण्यात ओतले आणि गावाची वाट धरली.

आठव्या दिवशी दरबार भरला. नेमका वारा फिरलेला. राजेसाहेब एकदा शिंकले आणि म्हणाले, "काय ठकूबाई, सापडली का आजी?"

"सापडली, सरकार. तुमच्या घरात."

तिनं कागद पुढं केला. कारकुनानं मोठ्यानं वाचलं. मौजे आंबेघोळ, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, वाड्यात मुलगा झाला. मुलाचं नाव यशवंतराव. खबर देणार गोजरा सुईण, राहणार वाड्यासमोर.

यशवंतराव म्हणजे राजेसाहेबांचे वडील. भिंतीवरच्या झाडाची सगळ्यात जाड फांदी त्यांचीच होती.

दिवाणजी पुढं सरसावले. म्हणाले, ही नोंद थोरल्या महाराजांची, सुईणीची नव्हे. बाजूच्या रकान्यात कुणीही नाव सांगेल. ही गोजरा कोण, कुठली, खरंच होती की नव्हती, याला पुरावा काय? असल्या नावाला दफ्तरात किंमत नाही.

ठकूबाईनं मान डोलावली.

"बरोबर बोललात, दिवाणजी. माझी आजी नव्हतीच म्हणा. म्हणजे जी बाई नव्हतीच, तिनं येऊन सांगितलं की वाड्यात मुलगा झाला. दुसरं कुणी सांगितल्याची नोंद नाही. मग थोरले महाराज जन्मलेच नाहीत. आणि ते जन्मले नाहीत तर वरचे आजे-पणजे सरकारांचे कोण? तुमच्याच हुकमानं दोन घरं सरकारजमा होतात. माझं खुशाल घ्या. पण ओळीनं घ्या, सरकार. आधी समोरचं मोठं, मग माझं."

राजेसाहेबांनी भिंतीकडं पाहिलं. मग कागदाकडं. मग त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता शिंक आली, आणि शिंकता शिंकता पुन्हा हसू. चोपदारानं पाणी आणलं, ते अंगरख्यावर सांडलं.

"दिवाणजी, ही बाई मला जन्माला येऊ देईना!"

हुकूम तिथंच फिरला. गावातली सगळी घरं जागच्या जागी राहिली. ठकूबाईला घर आणि भट्टी वंशपरंपरा, सनदेसकट. वर साडीचोळी, आणि दरबाराला रोज पायलीभर फुटाणे पुरवायचा मान. चिताऱ्याला बोलावून राजेसाहेबांनी झाडाखाली, मुळाशी, तान्हं बाळ हातात घेतलेली गोजरा सुईण काढायला लावली.

सगळं झाल्यावर त्यांची नजर दिवाणजींवर गेली.

"सगळ्यांचा हुकूम मागं घेतला, फक्त एकाचा राहू दे. तुमचे आजोबा कुठल्या तालुक्यात सापडतील हो?"

दिवाणजी दुपारीच घोडं काढून आजोबा शोधायला निघाले. भट्टीपाशी ठकूबाईनं त्यांना थांबवलं आणि गरम फुटाण्यांचा पुडा हातात दिला.

"वाटेत लागतील, दिवाणजी. आणि शेवटचा रकाना आधी वाचा."