सगुणेने विषय बदलला

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. मधून ओढा वाहायचा. अर्धं गाव अलीकडे, अर्धं पलीकडे.

सुगी संपली की सारं गाव पिंपळाखाली जमायचं. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याने भाषण करायचं आणि मग सर्वांनी मिळून वर्षाचं एक मोठं काम ठरवायचं, अशी तिथली रीत होती.

त्या वर्षी चिठ्ठी निघाली सगुणा सुईणीची. अडलेल्या बाईला ती सहज धीर द्यायची. पण चार माणसांपुढे बोलायचं म्हटल्यावर तिचाच धीर सुटला.

ती शास्त्रीबुवांकडे गेली. ते म्हणाले, "विषय भारदस्त हवा. ब्रह्मांडाच्या उत्पत्तीवर बोल!" आणि त्यांनी तिला चाळीस वाक्यं लिहून दिली.

दुपारी सगुणेने ती वाक्यं घरात म्हणून दाखवली. नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याला चक्क डुलकी लागली होती!

पावटे सोलत बसलेल्या सासूने विचारलं, "अगं, तुझं भाषण ऐकून लोकांनी काय करावं?"

"टाळ्या वाजवाव्यात, आत्याबाई."

"आणि टाळ्या वाजवून झाल्यावर?"

सगुणा एकदम म्हणाली, "ओढ्यावर साकव बांधावा! पावसाळ्यात पलीकडे बाळंतपणाला जायचं म्हणजे माझा जीव मुठीत असतो."

"मग एवढ्या ब्रह्मांडातून कशाला वळसा घालतेस?"

सभेच्या दिवशी पाटील आधीच म्हणाले, "यंदा वेशीवर दगडी कमान बांधू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सगुणा बोलायला उभी राहिली.

"गेल्या आषाढात मी म्हशीवर बसून ओढा ओलांडत होते," ती म्हणाली. "मध्यावर म्हशीला डुंबायची लहर आली, ती बसली! मी गळ्याएवढ्या पाण्यात, डोक्यावर गाठोडं. पलीकडून बाळाचा बाप ओरडतोय, 'बाई, माझी बायको थांबत नाही!' मी म्हटलं, 'अरे, माझी म्हैस हलत नाही!'"

पिंपळाखाली हशा पिकला. शास्त्रीबुवांनी तर पोट धरलं.

सगुणेचा आवाज मात्र खाली आला. "मी पोचले तेव्हा बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. लेकरू निळं पडलं होतं. आणखी थोडा उशीर झाला असता, तर..."

तेवढ्यात बायकांमधून एक आई उठली. तिने कडेवरची गुटगुटीत पोर उंच धरली. "हीच ती!" पोर खुदकन हसली आणि कितीतरी जणांनी डोळे पुसले.

"कमानीखालून पाहुणे येतील," सगुणा म्हणाली. "साकवावरून मी येईन. आधी काय हवं, ते तुम्हीच ठरवा."

मग पाटीलच उठले. "सगुणे, ती म्हैस माझी होती! माझ्या रानातलं पहिलं लाकूड साकवाला."

दुसऱ्याच दिवशी कुऱ्हाडी चालू लागल्या. पोरं दोर ओढत होती, बाया भाकऱ्या पोचवत होत्या. पौर्णिमेच्या आत साकव उभा राहिला. पुढच्या पावसाळ्यात पलीकडे पाच बाळं जन्मली, आणि पाचही वेळा सगुणा कोरड्या पायांनी, वेळेवर पोचली.

आपल्या बोलण्यातून काय घडावं हे ज्याने आधी ओळखलं, त्याला विषय शोधत लांब जावं लागत नाही.